बर्फातल्या शिपायाला वणीचं ऊन

आमच्या वणीत वैशाख लागला की दार आपण आतून लावतो आणि बाहेरून ऊन त्याला कडी घालतं. सकाळचे अकरा वाजत नाहीत तोच गल्ली ओस पडते. भाजीवाला गाडी निंबाखाली लोटतो आणि ओला दुपट्टा तोंडावर ओढून आडवा होतो. कुत्री नालीत जाऊन बसतात. एरवी दिवसभर भांडणाऱ्या शेजारणीसुद्धा उरलेलं भांडण संध्याकाळवर ढकलतात. मग घराघरातून फक्त कूलरची घरघर ऐकू येते. यंदाही ती सुरू झाली. परवा मी आमच्या कूलरच्या ताट्यांतला जुना वाळा काढून नवा भरला, टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं, आणि तो पहिला ओला, मातकट वासाचा झोत तोंडावर आला तशी मी मागच्या उन्हाळ्यात जाऊन पडले. मागच्या उन्हाळ्यात या समोरच्या खोलीत आम्ही तिघं अडकून होतो. मी, माझे बाबा आणि एक जर्मन शिपाई.

बाबांनी सगळी हयात कोळशाचा ट्रक चालवण्यात घालवली. खाणीतून माल भरायचा आणि चंद्रपूरच्या रस्त्याला लागायचं. काम सुटलं तरी पाय घरात टिकायचा नाही. सकाळी उठून चौकात जायचं, जुन्या ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायचा, जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांना नावं ठेवायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, असा त्यांचा नेम होता. मागच्या चैत्रात ते आमच्या मागच्या खोलीच्या टिनांवर पऱ्हाट्या पसरायला चढले. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा थर टाकला की टिन जरा कमी तापतात, म्हणून आमच्याकडे सगळेच तो टाकतात. मी म्हटलं, कोणाला तरी सांगू. ते म्हणाले, कायले? आणि चढले. उतरताना पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन होऊन, आत सळई घालून ते घरी आले ते थेट या खोलीतल्या खाटेवर.

आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि मला भाऊबहीण नाही. मी नर्स आहे, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात. बिनपगारी रजा टाकली आणि घरी बसले. नर्सच्या घरात पेशंट म्हणजे सोयच, असं लोकांना वाटतं. पण पेशंट बाप असला की सगळी विद्या अवघड होते. भांडं द्यायची वेळ आली की बाबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मी हजार पेशंटांचं केलं होतं, पण त्या मिटलेल्या डोळ्यांपुढं माझे हात चोरट्यासारखे चालायचे. सगळं आवरून झालं की खोलीत एक शांतता पडायची, आणि ती आम्हा दोघांनाही सहन व्हायची नाही. ती भरून काढायला म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले.

वाचायला हाताशी होतं ते जर्मन. त्या देशाला नर्सा हव्यात, आणि भाषेची परीक्षा दिली की जाता येतं, हे एव्हाना आमच्याकडे साऱ्यांना माहीत झालं आहे. नागपूरच्या एक मॅडम मोबाइलवर शिकवणी घेतात. त्यांनी नवशिक्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेलं एक बारकं पुस्तक पाठवलं होतं. मी त्याची झेरॉक्स काढून आणली होती. मागच्या महायुद्धात लढायला गेलेल्या आणि तिथं बसून झाडापाखरांच्या कविता लिहिणाऱ्या एका शिपायाचं ते चरित्र होतं. त्याचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं, बाबांना तर त्याहून नाही. त्यामुळं आमच्या घरात तो शिपाईच राहिला.

"काय वाचून राह्यली वं?" पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं.

"जर्मन."

"ते समजलं. त्याच्यात हाय काय?"

"एक शिपाई हाय. कविता करे."

"शिपाई अन् कविता?" बाबा हसले, आणि खुब्यात कळ आली म्हणून हसता हसता कण्हले. "कायच्या? मारामारीच्या?"

"नाही. झाडाच्या, पाखराच्या."

"मंग तो शिपाई कायचा?"

पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनीच आठवण केली. मग रोजचंच झालं. मी आधी एक वाक्य जर्मनमधून वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. शिपाई एका बागवानाचा मुलगा होता. कुण्या श्रीमंताच्या बागेत त्याचा बाप नाशपातीची झाडं सांभाळायचा आणि पोरगा त्याच्या हाताखाली राबायचा. तेव्हा त्यानं एक ओळही लिहिली नाही. मग त्याला पलटणीत ओढून नेलं, रशियाच्या बर्फात नेऊन सोडलं, आणि तिथं जमिनीत खणलेल्या एका खड्ड्यात, वर लाकडं आणि माती टाकून केलेल्या छपराखाली बसल्यावर त्याला कविता सुचायला लागल्या. एका कवितेत तारेवर बसलेलं एक फुगलेलं पाखरू होतं. एकीत बापाच्या बागेतलं ऊन होतं. त्या उन्हासाठी त्यानं असा काही जीव टाकला होता की वाचताना मला हसू यायला लागलं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर होता, दाराची कडी हाताला चटका देत होती, आणि हा गडी ऊन मागत होता.

बाबा गंभीर चेहरा करून म्हणाले, "ऊन पाह्यजे म्हणते? त्याले म्हणा, दहाचाकी भरून देतो. वरून ताडपत्री बांधतो, रस्त्यानं सांडणार नाही. फक्त कोळशावानी रॉयल्टीची पावती कोण फाडन, थेवढं पाह्य."

त्या उन्हाळ्यात मी किती तरी अशा गोष्टींची नावं पाठ केली ज्या माझ्या आसपास कुठंच नव्हत्या. दव, धुकं, पानगळ, गोठलेलं तळं. एका कवितेत झाडाच्या बुंध्यावरचं शेवाळ होतं. शब्द मला अडला, मग चित्र पाहून कळला.

"आपल्या कूलरच्या टाकीत होते ना बाबा, हिरवं, बुळबुळीत. ते."

"त्याच्यावर कविता?" बाबा म्हणाले. "त्याले म्हणा, टाकी धुवाले ये."

दुपारी कधी तरी खाणीतला ब्लास्ट व्हायचा. आधी जमीन हलल्यासारखी वाटायची, मग मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या, मग लांबून दबलेला आवाज. आम्हाला जन्मापासून त्याची सवय. पण शिपायाच्या खड्ड्यावरही असेच आवाज होत होते, त्यामुळं बाबा बोट वर करून म्हणायचे, "आला. त्याले सांग, इथंही चालूच हाय."

मला मात्र कधी कधी त्या शिपायाचा हेवा वाटायचा. त्याच्याजवळ निदान आठवायला बाग होती. आमच्या गावाबाहेर खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत, त्यांच्यावर वेड्या बाभळी माजल्या आहेत, आणि निंबाला चैत्रात मोहोर येतो तो बघता बघता कोळशाच्या धुळीनं करडा होतो. वास मात्र तसाच येतो, कडवट आणि गोड. अशा झाडावर कविता कशी करायची हे कोणत्या पुस्तकात असतं? मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहायची. खिडकीला ओली चादर लावलेली असायची. ती जरा बाजूला केली की उन्हाची फट डोळ्यांत घुसायची आणि मी मागे सरायची. वाटायचं, हे सगळं फोडून निघावं. कुठंही. जिथं मे महिन्यात माणसं रस्त्यावर चालतात अशा कुठल्याही गावात जावं. आणि तसं वाटल्याक्षणी खाटेवरून आवाज यायचा, "पाणी देतं काय बेटा?" आणि मी पाणी द्यायची.

कूलरच्या टाकीतून बाहेरच्या बाजूला पाणी ठिबकायचं. त्या ओल्या जागेवर साळुंक्या यायच्या, चोची उघड्या टाकून, पंख जरा सोडून. बाबांच्या खाटेवरून ताटीच्या बाजूच्या फटीतून तेवढी जागा दिसत होती. एक दिवस ते म्हणाले, "एक लंगडी हाय वं त्यायच्यात. कालही आलती." जन्मभर त्यांनी या रस्त्यांवरून ट्रक हाकला, पण त्यांच्या लेखी जगात दोनच पाखरं होती, कावळा आणि चिडी. आता ते रोज मला लंगडीची खबर द्यायला लागले. आली, नाही आली, दुसरीनं मारून हाकललं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बागेत राबणाऱ्या पोरानं बागेवर का लिहिलं नसेल. मोकळ्या माणसाला कुठं वेळ असतो? अडकलेल्या माणसाला बारीक दिसायला लागतं. मला हे कळलं याचा आनंद झाला नाही, रागच आला. असं बारीक दिसण्यापेक्षा चौकातला चहा बरा, असं बाबांनाही वाटत असणारच.

मग एक दिवस बाबांनी तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला ठाऊक होतं. भिंतीवर बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात तो किती दिवस टळणार होता?

"हे लढाई कोनती?"

"दुसरी."

"म्हणजे हा हिटलरचा?"

मी मान डोलावली.

"मंग बंद कर. आपल्याले नाही पाह्यजे."

मी बंद केलं. खरं तर मलाही तो खटकतच होता. सगळ्या पुस्तकात बर्फ होता, भूर्जाची झाडं होती, रॉबिन की काय तसलं छातीवर लाल असलेलं पाखरू होतं. एका कवितेत लांबवर धूर होता. त्या धुरामुळं पाखरं परतायची थांबली आहेत, असं त्यानं लिहिलं होतं. पण धूर कशाचा? कोणाचं घर जळत होतं? मी शब्दकोश काढून ती कविता पुन्हा पुन्हा वाचली, की कुठं तरी एखाद्या शब्दात माणूस सापडेल. सापडला नाही. त्याला धूर दिसला आणि घर दिसलं नाही, याची मला चीड आली. कवितेवर प्रेम असणाऱ्या माणसांनी मला काही म्हणावं, ती चीड अजून गेलेली नाही.

काही दिवस आम्ही वाचलंच नाही. खोली आणखी बारकी झाली. बाबा छताकडं बघत पडायचे, मी पाठांतर करायची, कूलर घरघरायचा. मग बुद्धपौर्णिमा आली. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, मागच्याच गल्लीत राहते. ती पांढऱ्या पातळात, घामानं निथळत, विहारातली खीर डब्यात घेऊन आली आणि अर्ध्या तासात गल्लीतल्या सगळ्यांच्या खबरा सांगून गेली. बाबांनी खीर खाल्ली, वाटी चाटून पुसून ठेवली आणि म्हणाले, "तो सोडून काहून नाही आला?"

"कोण?"

"शिपाई."

"सोडून जाणाऱ्याले गोळी घालत, बाबा."

बाबांनी ठेवलेली वाटी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "मी बी चालवलाच ना ट्रक. रस्त्याच्या बाजूनं गावं होती. लोकं जेवत बसलेले राहेत, अन् माह्या ट्रकची धूळ त्यायच्या ताटात जाये. मले दिसे. मी काच वर करून गाणं लावून घेवो." त्यांनी वाटी माझ्याकडं सरकवली. "वाच. माफ नाही केलं आपण त्याले. पण वाच."

त्यानंतर त्यांचा रोजचा प्रश्न सुरू झाला. वाचन संपलं की ते विचारायचे, "मंग घरी गेला का तो?" मी म्हणायची, अजून नाही. खरं तर पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, दोन ओळींच्या परिचयात, तो कुठं आणि कसा गेला ते लिहिलेलं होतं. मी ते पान बाबांना कधी वाचून दाखवलं नाही. खाटेला खिळलेल्या माणसाला, जो रोज विचारतो की तो घरी पोचला का, त्याला पहिल्या पानावरचं कशाला सांगायचं? शिपाई रशियनांच्या हाती सापडला आणि कैद्यांच्या रांगेत बर्फातून चालायला लागला, त्या प्रकरणाशी मी येऊन थांबले. परीक्षेचं निमित्त होतंच. आत्याला बाबांपाशी बसवून मी पुण्याला गेले.

पुण्यात आभाळ होतं, वारा होता, आणि बाया भर दुपारी बिनदुपट्ट्याच्या रस्त्यावरून फिरत होत्या. ते बघूनच माझा अर्धा अभ्यास उडाला. बोलण्याच्या परीक्षेत दोघांनी मिळून एक बेत ठरवायचा असतो. माझ्याबरोबर पुण्याचाच एक हसरा मुलगा होता. विषय आला, रविवारी छान ऊन पडणार आहे, तर मित्रांना घेऊन कुठं जाल? तो म्हणाला, वा, ऊन आहे, तर तलावावर जाऊ! माझ्या तोंडून निघून गेलं, ऊन आहे तर मुळीच जायचं नाही. तो गोंधळला. मी त्याला समजावायला लागले, की जायचंच असेल तर पहाटे निघू आणि आठच्या आत घरी येऊ, डोकं बांधू, खिशात कांदा ठेवू, मीठ-साखरेचं पाणी बरोबर घेऊ. समोर बसलेल्या गोऱ्या बाईंनी चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, पण दिवस तर सुंदर आहे ना? मी म्हटलं, बाई, तोच तर धोका आहे. मी उष्माघाताचे पेशंट पाहिलेत.

बाकी सगळं पास झाले आणि बोलण्यात नापास. घरी येऊन सांगितलं तर बाबा खाट हलेपर्यंत हसले. "खरं बोलली अन् गेली कामातून," म्हणाले. मलाही हसू आलं, पण मागच्या खोलीत जाऊन मी रडले. पऱ्हाट्यांखालचे टिन तडतडत होते, आणि मला वाटलं की हे ऊन आता माझ्या जिभेवरही येऊन बसलं आहे, मी जाईन तिथं ते माझ्याआधी बोलणार आहे, आणि त्यामुळं मी कुठंच जाणार नाही.

पुढं दिवस निघाले. बाबा वॉकर धरून उभे राहिले, मग काठीवर आले, दिवाळीनंतर चौकात जाऊन चहा पिऊन आले. मी दवाखान्यात परत रुजू झाले. थंडीत पुन्हा परीक्षेला बसले, आणि यावेळी लाजलज्जा सोडून उन्हाची इतकी तारीफ केली की पास झाले. तिकडच्या एका दवाखान्यानं मोबाइलवर मुलाखत घेतली. माझं नक्की झालं. आता फक्त येते की नाही एवढं कळवायचं आहे, आणि तेही याच आठवड्यात.

आणि बाबा म्हणतात, "तू पाह्य तुह्यं."

मी विचारलं, बाबा, जाऊ? तू पाह्य तुह्यं. मी म्हटलं, तुमी एकटे कसे राहाल? तू पाह्य तुह्यं. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. हसून जा म्हणाले असते तर बॅग भरली असती. पण हे आमच्याकडचं जुनं शस्त्र आहे, आणि आमची सगळी वडीलमाणसं ते चालवतात. दार उघडंच ठेवायचं आणि आपण उंबऱ्यात बसून राहायचं. बापाला ओलांडून कोण बाहेर जाईल? त्यांना मी जायला हवी आहे, हे मला कळतं. मी जायला नको आहे, हेही कळतं. दोन्ही खरं आहे, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी उभी आहे, गेले काही आठवडे, कूलरच्या झोतात. पूर्वी मला वाटायचं की त्यांच्या मोडक्या खुब्यानं मला अडकवलं. खुबा तर जुळला. आता कशानं अडकले आहे ते कोणाला दाखवताही येत नाही.

आत्या मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "मी हाव ना वं. दोन्ही टाइमचा डबा माह्या घरून येईन, अन् संध्याकाळी येऊन बसत जाईन. पण त्याच्या तोंडातून निघू दे. नाही तं तिथं जाऊन तुह्या गळ्याखाली घास नाही उतरणार." मग जरा थांबून, "तिथं भाकर भेटते काय?"

मला माहीत नाही, म्हटलं.

काल दुपारी लाइट गेली. कूलर थांबला की आधी कानाला बरं वाटतं, मग क्षणात घर भट्टी होतं. बाबा खाटेवर उघडे बसले होते, अंगावर ओला पंचा टाकून. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, कारण काही बोललं की ते त्याच एका प्रश्नापाशी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. साळुंक्यांचा आवाजही नव्हता. अचानक बाबा म्हणाले, "त्या शिपायाचं राह्यलं होतं ना?"

मला वाटलं ते विसरले असतील. मी कपाटातून ती झेरॉक्स काढून आणली.

"तो मेला ना वं?" मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं.

"हो. पहिल्याच पानावर होतं."

"मले माहीत होतं. घरी पोचणारा माणूस घराचं थेवढं लिहीत नाही."

"मंग रोज काहून विचारत होते?"

"तू वाचत राहावं म्हणून," बाबा म्हणाले. "आता वाच, काय झालं ते."

मी वाचलं. कैद्यांच्या छावणीत त्याला ताप भरला. एका शाळेच्या इमारतीत दवाखाना केला होता, तिथं त्याला आणून टाकलं. बाकं काढून जमिनीवर गवत पसरलं होतं. तिथं एक नर्स होती, शत्रूची. ती त्या भागातली नव्हती, खूप लांबच्या गावाहून आली होती. कैद्यांना विचारता यावं म्हणून ती त्यांच्या भाषेतले थोडे शब्द शिकली होती. कुठं दुखतं, पाणी हवं का, थांब, आले. शिपायाच्या हातात पेन्सिल धरण्याची ताकद राहिली नव्हती. शेवटची कविता त्यानं तिला तोंडी सांगितली आणि तिनं ती लिहून घेतली. किती कळली असेल कुणास ठाऊक. सकाळी तो गेला. लढाई संपल्यावर तो कागद फिरत फिरत त्याच्या आईपर्यंत पोचला, आणि म्हणून हे पुस्तक आहे.

"कविता कायची हाय?" बाबांनी विचारलं.

"पावसाच्या आधीच्या वाऱ्याची. त्याच्या गावच्या."

बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं, मान पुसली, मग छाती पुसली. "तिनं त्याले विचारलं नसन, तू कोणाकडून लढला म्हणून?"

"नाही विचारत, बाबा. नर्सले तसं विचारता येत नाही."

"तू विचारते?"

"नाही."

"नाव काय होतं तिचं?"

मी पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं. "लिहिलं नाही."

"गाव?"

"लांबचं होतं, थेवढंच हाय."

माझ्या हातातला पुठ्ठा कधी थांबला ते मला कळलं नाही. बाबांनीही वारा मागितला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि तिथून खाली पडला.

"तिले बाप असन ना?" ते म्हणाले.

"असन."

"त्यानं जाऊ देल्लं तिले. म्हणून याच्यापाशी कोणी तरी होतं."

बाबांनी काठी शोधली, दोन्ही हात तिच्यावर टेकले आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

"त्या तिथल्यायले कळवून दे," ते म्हणाले. "बापानं पाठवली म्हणून सांगजो."